ऑनरोड काका

ज्या माणसाला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती, त्याला बरोबर नेल्याशिवाय आमच्या चाळीत कुणी चारचाकी विकत घेतली नाही. लग्नाची बोलणी करायला जाताना घरातला एखादा तोंडाळ मामा सोबत न्यावा, तसे शोरूमला जाताना काका न्यायचे, असा लालबागच्या आमच्या चाळीचा रिवाज होता. फरक एवढाच की मामा पोहे खाऊन तरी खूश होतो. काका शोरूमचं पाणीही प्यायचे नाहीत आणि गाडी घेणाऱ्यालाही पिऊ द्यायचे नाहीत.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि मतदारयादीत होतं, त्यातलं मतदारयादीतलं चुकीचं. बाकी सगळे त्यांना ऑनरोड काका म्हणायचे. शोरूमच्या बाहेर बोर्डावर गाडीची एक किंमत लिहिलेली असते, तिला एक्स-शोरूम म्हणतात, ती वाचून माणूस हरखून आत शिरतो. आत गेल्यावर त्यावर टॅक्स चढतो, रजिस्ट्रेशन चढतं, विमा चढतो, आणि गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर येईपर्यंत जो आकडा होतो त्याला ऑन रोड म्हणतात. हा शब्द काकांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना तो इतका आवडला की त्यांनी तो घरीच आणला. चाळीतल्या सत्यनारायणाला गुरुजी दक्षिणा "यथाशक्ती" म्हणाले, तेव्हा काका म्हणाले, "यथाशक्ती नको गुरुजी, ऑन रोड सांगा. मागून शिधा, उपरणं, टॅक्सीभाडं असं काढत बसू नका." परळच्या दातांच्या डॉक्टरला त्यांनी तोंड उघडायच्या आधी ऑन रोड विचारलं. मंडळाची पोरं वर्गणीला आली की त्यांनाही विचारायचे, यात विसर्जनाच्या ट्रकचे धरलेत की ते वेगळे मागणार?

काका गोदीत नोकरीला होते, स्टोअर्स खात्यात. रे रोडच्या बाजूला त्यांचं ऑफिस. दोरखंड, रंग, नट-बोल्ट, ताडपत्र्या पुरवणारे ठेकेदार त्यांच्या टेबलासमोर घाम पुसत बसायचे. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी माल घ्यायचा आणि तो स्वस्तात घ्यायचा, यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर ही विद्या ठेवायची कुठे ते त्यांना कळेना. घरात काकूंनी भाजीबाजाराला हात लावू दिला नाही. मग चाळीतल्या पोरांना नोकऱ्या लागल्या, बँका घरी फोन करकरून कर्जं देऊ लागल्या, जो तो गाडी घ्यायचं बोलू लागला, आणि काकांना देवाने टेबल परत दिलं. फक्त या वेळी ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचे.

शोरूमला जायच्या आदल्या संध्याकाळी ते गिऱ्हाइकाच्या खोलीत येऊन सगळ्या घराची उजळणी घ्यायचे. कपडे जुने घालायचे. गळ्यातली चेन काढून ठेवायची. टॅक्सीने जायचं नाही, बसने जायचं, कारण टॅक्सीतून उतरणाऱ्याला कुणी सूट देत नाही. बायकोने रंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मुलांना न्यायचंच नाही, कारण मूल स्टिअरिंगवर बसलं की सेल्समन फोटो काढतो, आणि फोटो निघाला की बाप संपला.

"तोंड कसं ठेवायचं ठाऊक आहे?" ते विचारायचे. "मयताला गेल्यासारखं. पण जवळच्या नको. लांबच्या मयताला."

आमच्या चाळीतले कितीतरी नवरा-बायको शेवटी आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीला असे लांबच्या मयताचं तोंड करून गेले. घरी परतल्यावर हसायला पुन्हा परवानगी मिळायची.

कर्जाच्या बाबतीत त्यांचा एक सिद्धान्त होता आणि त्यात मात्र मला आजही खोट काढता येत नाही. शोरूममधला माणूस किंमत सांगतच नाही. तो गोड आवाजात विचारतो, महिन्याला किती जमेल? आपण म्हणतो इतके जमतील. मग तो बरोबर तेवढ्यात बसवून देतो. वर्षं वाढवतो, हप्ता घटवतो, आणि आपण खुळ्यासारखे खूश होतो. काका तिथेच हात वर करायचे. "महिन्याचं नाव नाय काढायचं. तुकडीचा भाव कसला सांगतोस? अख्खी सुरमई केवढ्याला पडली ते सांग." सुरमईचं नाव ऐकून टायवाल्या सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. दुसऱ्या मजल्यावरचे शिक्षक एकदा काकांना न सांगता, हप्ता आवाक्यात आहे म्हणून सात वर्षांचं कर्ज काढून आले. काकांनी त्यांना काही बोल लावला नाही. फक्त त्यांच्या धाकट्या मुलीला जवळ बोलावून म्हणाले, "बाय, तू दहावीला जाशील ना, तेव्हा ही गाडी तुमची होईल हां." शिक्षक त्यानंतर बरेच दिवस मागच्या जिन्याने जात होते.

पण काकांची खरी कला उठण्यात होती. बोलणी अडली की ते खुर्ची आवाज करत मागे सरकवायचे, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून म्हणायचे, "चला, उठा." सगळं घर उठायचं. मग दारापर्यंतचा प्रवास सुरू व्हायचा, आणि तो बघणाऱ्याने बघत राहावा असा असायचा. टायर मांडून ठेवलेले असतील तिथे काका थांबणार, वाकून बघणार. मग भिंतीवरचं ऑफरचं पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचणार. मग चपलेत खडा गेला म्हणून ती काढून झटकणार. एवढ्या अवधीत मागून हाक येतेच, असा त्यांचा अनुभव होता. "काका, अहो काका, बसा ना, मॅनेजरना विचारतो." मग काका फार मोठे उपकार केल्यासारखे वळायचे. दाराच्या बाहेर पाऊल पडायच्या आत बोलावणं आलं नाही असं कधी झालंच नव्हतं.

शोरूममध्ये, म्हणजे. काकू या बाबतीत एक वेगळी गोष्ट सांगायच्या आणि काका ती ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. "मला बघायला आले तेव्हापण उठलेले हे," काकू सांगायच्या. "हॉलचा खर्च कोण करणार त्यावरून. गेले जिन्यापर्यंत. माझ्या बापाने काय हाक मारली नाय. तो सुपारी कातरत बसला. अर्ध्या तासाने हे परत दारात. म्हणे, छत्री राहिली." हॉलचा खर्च शेवटी काकांनीच केला. छत्री त्या दिवशी आणलेलीच नव्हती, असंही काकू सांगायच्या.

काकांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा विजय म्हणजे आमच्या तळमजल्यावर मसाल्याचं दुकान असलेल्या भाऊंची गाडी. तो सौदा दिवसभर चालला. किंमत जेवढी उतरायची तेवढी उतरली, मॅनेजर हात जोडायला लागला, पण काकांना थांबवेना. रोख सूट संपली तेव्हा त्यांनी वस्तू मागायला सुरुवात केली. पायपुसण्या मागितल्या, मिळाल्या. सीट कव्हरं मिळाली. छत्री मिळाली. मग टेबलावर गाडीत लावायच्या सुगंधी बाटल्यांचा खोका होता, तो त्यांनी अख्खा मागितला. मॅनेजरने तो त्यांच्या हातात दिला आणि बहुधा त्या रात्री त्याने राजीनाम्याचा विचार केला असेल. एका गाडीला इतका सुगंध कशाला, म्हणून काकांनी त्या बाटल्या चाळभर वाटल्या. पुढे कितीतरी दिवस आमच्या मजल्यावरच्या सामायिक संडासाला मोगऱ्याचा वास होता, आणि काकूंच्या फोडणीला लॅव्हेंडरचा.

गाडीचं मात्र वेगळंच झालं. भाऊंनी ती घेतली होती गणपतीला गावी जाण्यासाठी. त्यांनी ती चाळीच्या तोंडाशी हौसेने लावून ठेवली, फुलांचा हार घालून. कुणीतरी सांगायला हवं होतं, पण सगळे गाडी किती स्वस्तात पडली हेच बोलत होते. मंडळाने मंडपाचे बांबू उभे केले, मग पत्रे लागले, मग दर्शनाच्या रांगेचे कठडे आले, आणि गाडी त्या सगळ्याच्या मागे आत राहिली. लालबागमध्ये जन्म काढलेला माणूस, दरवर्षी मंडपाला पहिली शंभराची नोट देणारा, आणि मंडप कुठे पडतो हे गाडीच्या आनंदात विसरला. भाऊ एसटीने गावाला गेले. दहा दिवस त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर दर्शनाला आलेली माणसं टेकून बसत होती आणि काका गॅलरीतून ओरडत होते, "अरे उठा, एक्स-शोरूम नाय ती, ऑन रोड आहे!"

माझी गाडी यानंतरची.

माझ्या गाडीचं कारण माझी आई होती. आमच्या गावच्या मूळ घरातला गणपती भावकीत आळीपाळीने असतो. एका वर्षी एक घर त्याचं सगळं करतं, पुढच्या वर्षी दुसरं. ज्याचं वर्ष असेल त्याने आपला पाट मूर्तिकाराकडे धाडायचा, त्या पाटावरच मूर्ती बनून येते. त्या वर्षी पाळी आमची होती, आणि आमचा पाट गावच्या घरातच माळ्यावर होता. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, मला भाऊ नाही, आणि आईचे दोन्ही गुडघे गेलेले. आधीची दोन वर्षं ती गावाला जाऊच शकली नव्हती. गणपतीच्या रेल्वेगाड्यांची तिकिटं डोळ्याची पापणी लवते तोवर संपतात, आणि खासगी बसच्या पायऱ्या चढणं तिला जमत नव्हतं. तेव्हा चुलतदिरांचा गावाहून फोन आला. "वैनीनू, तुमका जमाचा नसात तर आमी करतंव. आमचोच पाट धाडतंव." म्हणणं प्रेमाचंच होतं. पण आई समजून चुकली की एकदा त्यांचा पाट गेला की ते वर्ष कायमचं त्यांचं झालं, आणि घरात पुरुष नाही म्हणून झालं.

"ह्या वर्साचो गणपती माझो," ती मला म्हणाली. "तो दुसऱ्याच्या पाटार बसाचो नाय."

मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. पण आईने दिरांना आधीच सांगून टाकलं होतं की माझी लेक स्वतःची गाडी घेऊन मला आणते आहे. माझ्याकडे तेव्हा परळच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमधून काढलेलं लायसन्स होतं, बँकेने कर्ज मंजूर केल्याचं पत्र होतं आणि गाडी नव्हती. मी आधी एकटीच गिरगावातल्या एका शोरूमला जाऊन आले. तिथल्या इसमाने विचारलं, "मॅम, सर कधी येतील?" मी म्हटलं, सर नाहीत. "मग पप्पा?" पप्पाही नाहीत म्हटल्यावर त्याने माझ्या हातात रंगांचं पुस्तक दिलं आणि तो दुसरीकडे निघून गेला. संतापाने माझे कान गरम झाले. त्याच संध्याकाळी मी काकांच्या खोलीचं दार वाजवलं.

काकांनी आधी आमच्या गल्लीबाहेरच्या पे-अँड-पार्कवाल्याशी महिन्याचा भाव ठरवला, कारण भाऊंच्या गाडीनंतर ते तेवढं शिकले होते. मग म्हणाले, "आईक नको आणू. तिच्या तोंडावर दिसता तिका काय होया ता." खरं होतं ते. आईच्या तोंडावर तेव्हा गणपतीशिवाय काही दिसत नव्हतं. निघताना ती म्हणाली, "दिराचो आज फोन येतलो. आपलो पाट धाडूचो काय तेंचो, ता आजच सांगूक होया." चुलतदिरांनी तिला त्या दिवसापर्यंतचीच मुदत दिली होती, मूर्तिकार आणखी थांबायला तयार नव्हता.

आम्ही बसने लोअर परळला गेलो. जुन्या गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा आहे, त्याच्या तळमजल्यावर शोरूम. दार आपोआप उघडलं, कॉफीचा वास आला, आणि निळा कोट घातलेली एक पस्तिशीची बाई हसत पुढे आली. तिने "सर" शोधले नाहीत. सरळ मला विचारलं, "मॅम, चालवणार कोण? तुम्हीच ना?" मला ती तिथेच आवडली, पण मी लांबच्या मयताचं तोंड ठेवलं.

काकांनी सुरुवात जागेपासून केली. "तू जिथे बसलीस ना, तिथे माझ्या बापाचे माग होते. कापडाचे. दोन माग सांभाळायचा तो. आत शिरताना नि बाहेर पडताना झडती द्यायचा. आमची जागा आहे ही. त्याचे किती कमी करतेस?"

"काका, माझे आजोबापण याच गिरणीत होते," बाई म्हणाली. "मला पण कायच कमी करत नाहीत. लोकलचा पास काढून रोज येते."

काकांच्या आयुष्यात टेबलापलीकडून असं उत्तर आलं नव्हतं. मग त्यांनी टायर कोणत्या महिन्यातले ते विचारलं, गाडी यार्डात किती दिवस उभी आहे ते विचारलं, विमा बाहेरून घेतला तर किती कमी, ते विचारलं. सगळ्याची उत्तरं तिने न चिडता दिली. "फायनान्स आमच्याकडून केलंत तर ईएमआय एकदम कंफर्टेबल बसेल" असं ती म्हणाली, तेव्हा काकांनी हात वर करून सुरमई काढली. ती हसली आणि म्हणाली, "ओके काका, अख्खी सांगते," आणि तिने खरोखरच अख्खी सांगितली. विमा बाहेरून घ्यायला तिने हरकत घेतली नाही. माझ्या बँकेचं पत्र बघून तिने मान डोलावली. पण किमतीवरून ती हलली नाही.

"मॅम, या मॉडेलला वेटिंग आहे. गणपतीच्या आधी देण्यासारखी ही एकच आहे. डिस्काउंट मी सिरियसली नाही करू शकत."

काकांनी खुर्ची आवाज करत मागे सरकवली. "चल गो, उठ."

मी उठले. टायरांजवळ काका वाकले. पोस्टर त्यांनी पूर्ण वाचलं, खालच्या बारीक अक्षरांसकट. चप्पल झटकली. मग दुसरी चप्पलही झटकली, आणि तेव्हा मी मागे वळून बघितलं, कारण ते कधी दोन्ही चपला झटकत नसत. दाराला काय, ते आपोआप उघडतं, त्याला कळत नाही की माणूस बोलावण्याची वाट बघतोय. ते उघडलं, आणि आम्ही दोघं रस्त्यावर आलो. मागून फक्त तिचा आवाज आला, "थँक यू काका, परत या."

समोर उसाच्या रसाचं गाडं होतं. तिथल्या बाकावर आम्ही रस्त्याकडे तोंड करून बसलो. काका म्हणाले, मॅनेजरला विचारायला गेली असेल. थोड्या वेळाने म्हणाले, मॅनेजर जेवायला गेला असेल. मग म्हणाले, ही लोकं हल्ली फोन करतात, समोरून हाक मारायची त्यांना लाज वाटते. त्यांनी फोन काढून बाकावर ठेवला. मग मला म्हणाले, "जरा माझ्या फोनवर रिंग मार गो. लागतोय ना बघू." मी माझ्या पर्समध्ये हात घालून रिंग दिली. फोन वाजताच काकांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. मग त्यांनी स्क्रीनवर माझं नाव वाचलं आणि म्हणाले, "हां. चालू आहे."

मला त्यांचा राग आला होता, हे मी लपवत नाही. माझी गाडी, माझे पैसे, आईचं वर्ष, आणि हे इथे रस पीत बसलेत. त्याच वेळी मला त्यांची इतकी दया आली की ती मला नको होती. एवढ्यात आईचा फोन आला. "गावली काय गो गाडी? दिराचो फोन येवन गेलो. म्हटलंय, घटकाभरान सांगतंय."

मी "हो, चाललंय" म्हणून फोन ठेवला आणि काकांना सांगितलं, मी जरा वॉशरूमला जाऊन येते.

"जा," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते शोरूमच्या काचेकडे बघत होते.

आत निळ्या कोटाची बाई कॉम्प्युटरवर होती. मला बघून तिने खुर्ची पुढे केली. "मॅम, खरं सांगू? संध्याकाळी एक पार्टी येते आहे तोच पीस बघायला. आत्ता बुक केलंत तर गणपतीच्या आधी गाडी तुमच्या हातात. नाहीतर दिवाळी."

"करा बुक," मी म्हटलं.

"डिस्काउंटचं मात्र..."

"नको डिस्काउंट. एकच काम करा. समोर रसाच्या गाड्यावर काका बसलेत ना, त्यांना हाक मारून आत बोलवा. तुम्ही स्वतः."

ती बघत राहिली. "तुमचे फादर नाहीत ना ते?"

"शेजारी आहेत."

तिने पेन टेबलावर ठेवलं, कोटाची बटणं लावली आणि ती बाहेर गेली. मी काचेतून बघत होते. तिने टॅक्सीवाल्याला हात करून थांबवलं, रस्ता ओलांडला आणि काकांच्या समोर जाऊन चक्क हात जोडले. काकांनी मान हलवली. ती आणखी काहीतरी बोलली. काकांनी पुन्हा मान हलवली, मग ग्लासातला राहिलेला रस सावकाश संपवला, खिशातून पैसे काढले, तिच्यासाठीही एक ग्लास सांगू का असं बहुतेक विचारलं, कारण ती हसून नको म्हणाली. मग ते तिच्यामागून दोन्ही हात पाठीला लावून चालत आले. तिच्यासारख्या बाईला त्या वर्षी बढती मिळाली नसेल तर ती कंपनी नालायक आहे.

काका माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसले. बाई मॅनेजरला आणायला आत गेली. काका हळूच म्हणाले, "तिका तू पाठवलंस?"

नाही म्हणावं असं मनात आलं. पण त्यांच्यासमोर ते टिकलं नसतं. "हो," मी म्हटलं.

"वाटलाच. आपणहून बोलावणारा असता तो ह्या बाजूनेच बोंब मारता. रस्ता ओलांडून कोण येत नाय." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत घातला. त्यांना लागलं होतं. मला वाटलं की आता ते उठून जातील आणि या वेळी कुणी बोलावलं तरी यायचे नाहीत. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बरं, मला बोलवायचे किती लावले तिने?"

"काय नाही काका. फुकट."

"फुकट?" आता ते पूर्ण वळले. "फुकट कोण कायच करत नाय. कुठेतरी घुसवलं असणार. कागद दाखव बघू."

मॅनेजर कागद घेऊन आला आणि त्यांनी तो त्याच्या हातातूनच घेतला. बोट वरून खाली सरकायला लागलं. टॅक्सवरून गेलं, रजिस्ट्रेशनवरून गेलं, आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं.

"हे हॅण्डलिंग चार्जेस काय?"

"सर, गाडी यार्डातून शोरूमला आणायचे असतात," मॅनेजर म्हणाला.

"मग? ती काय मी खांद्यावरून आणायची? माल दुकानात आणणं दुकानदाराचं काम. गोदीत कुठच्या ठेकेदाराला दिले नाहीत असले मी, मग तुला देऊ? खोड."

"सर, ते सिस्टिममध्ये..."

"सिस्टिम तुझी. खोड."

मॅनेजरने बाईकडे बघितलं. बाईने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "सर, हे करू शकतो आपण," ती मॅनेजरला म्हणाली, आणि त्याने उत्तर द्यायच्या आत तिने पेन उचलून ती ओळ सरळ रेघ मारून खोडली.

काकांनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. बेरीज बोटांवर करून बघितली. मग तो माझ्यासमोर सरकवला आणि पेनही सरकवलं.

"सही कर गो," ते म्हणाले. "आणि आईक फोन लाव. म्हणावं, तुझोच पाट धाडूक सांग."